वीतभर माती

११ सप्टेंबर

आज पहिल्यांदा एकट्यानं गांडूळखत उतरवलं. बाई शेजारी खुर्ची टाकून शेंगा खात बसल्या होत्या. मदतीला नाही, मजा बघायला!

काम तसं सोपं. बेडवरचं, म्हणजे शेणाच्या वाफ्यावरचं, गोणपाट बाजूला करायचं. खताचा टोकदार ढीग लावायचा. वरचे दिवे पेटवायचे आणि गप्प उभं राहायचं. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती आत आत, खाली खाली पळतात. मग आपण वरचं खत हळूच हातानं ओढून घ्यायचं. परत थांबायचं. परत ओढायचं. शेवटी तळाला नुसता गांडुळांचा गोळा उरतो — ओला, लाल, वळवळणारा. तो उचलून नव्या शेणावर ठेवायचा. झालं.

फक्त घाई करायची नाही. मी केली. चाळणीत खत कमी आणि गांडुळं जास्त!

"अरे त्यांना पळायला वेळ तरी दे," बाई म्हणाल्या. "पळून जाण्याचा तुझा एवढा दांडगा अनुभव. त्यांचं दुःख तुला कळायला नको?"

कामाला लागलो तेव्हा बाईंनी विचारलं होतं, आधी कुठं होतास. मी खरं तेच सांगितलं. टायरचं दुकान, हॉटेलातली भांडी, लिफ्ट, रंगकाम, गोडाऊन. सगळी सोडलेली. बाई म्हणाल्या, "पायाला भिंगरीच आहे म्हण की." तेव्हापासून इथं माझं नाव भिंगरी. पगाराच्या दिवशी पण भिंगरी!

रोपवाटिका बाईंची. आधी शाळेत शिकवायच्या म्हणे. रोज सकाळी मला बेडचं तापमान फळ्यावर लिहायला लावतात. सातवीत शाळा सोडली ती सोडली, खडू परत इथंच धरला. आता हात सुटलाय तर म्हटलं खोलीवर पण लिहावं. कोण वाचणार आहे!

१४ सप्टेंबर

वादळ येणार होतं. गांडुळं बेड सोडून भिंतीवर चढली. बाई म्हणतात, त्यांना आधी कळतं.

मला पण दुपारपासून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं. संध्याकाळी सगळ्यांना जागेवर बसवलं. गांडुळांना मी, मला बाईंनी.

१९ सप्टेंबर

ताईचा फोन. ताईचा फोन म्हणजे आधी आहेर.

"जिवंत आहेस का, छोट्या? का गांडुळांनी खाल्लं?"

"गांडुळं माणसं खात नाहीत गं."

"तुला खाणारच नाहीत. त्यांना पण चव असेल की काही!"

मग हसली. मग एकदम घरचं सांगायला लागली. 

लिहूनच काढतो सगळं, म्हणजे डोक्यात गरगरायचं थांबेल.

घरामागं आमची जमीन. आई होती तेव्हा आई-बाबा दोघं मिळून तिथं भाजी काढायचे. आई गेली आणि बाबांनी मागचं दार उघडायचंच बंद केलं. तशात वीटभट्टीवाला आला. वरची माती विटांना चांगली आहे, न्यायची का म्हणाला. बाबा म्हणाले, "ने." खोदायचं मशीन आलं. मी मशीनपुढं आडवा झालो. बाबांनी मला दंडाला धरलं — बाबांचा पंजा म्हणजे फावडं! — आणि सगळ्यांदेखत ओढून बाजूला केलं. त्याच दिवशी मी घर सोडलं. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी बाबांशी बोलत नाही. मध्ये ताई. ती म्हणते, "मी तुमची ताई कमी आणि पोस्टमन जास्त."

एक कोपरा तेवढा राहिला. आईचा धुण्याचा दगड आहे तिथं. मशीन तिथं आलं तसे बाबा स्वतः पुढं झाले आणि म्हणाले, "इथं नाही." का नाही, कोणी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही.

ताई सासर सोडून आली, कायमची, तेव्हाही बाबांनी काही विचारलं नाही. आईची खाट बाहेर काढली, झटकली, नवार आवळून दिली. झालं स्वागत!

आता एक ट्रकवाला मागं लागलाय. ती जमीन त्याला गाड्या लावायला हवी. तो वर काँक्रीट ओतणार. ताईला तिथं भाजी लावायची आहे, विकायची आहे. बाबांनी तिला सांगितलं, वर्ष संपेपर्यंत बघ. उगवलं काही तर तुझी जमीन. नाही उगवलं तर त्याला देऊन टाकतो.

आणि उगवत काही नाही. खालची माती उघडी पडलीय, पिवळी, टणक. पाणी ओतलं की ताटात ओतल्यासारखं वर राहतं. मुळा पेरला तो टकलावर राहिलेल्या केसांसारखा आलाय म्हणाली.

"मला कोणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही रे, छोट्या. बाबांच्या पण नाही."

मी एकदम बोलून गेलो, "मी गांडुळं पाठवतो!"

"आता हेच राहिलं होतं," म्हणाली. पण हसली. फोन ठेवताना हसत होती.

२० सप्टेंबर

झोप नाही आली. आनंदानं! माझ्या हातात पहिल्यांदा असं काहीतरी आहे जे घरी कामाला येईल. टायर पाठवता येत नाहीत. लिफ्ट पाठवता येत नाही. गांडुळं पाठवता येतात!

बाई नेहमी गिऱ्हाइकांना सांगतात ते मला आता पाठ झालंय. गांडूळ माती खातं आणि माती टाकतं, पण टाकलेली माती खाल्लेल्या मातीपेक्षा कसदार. भोकं पाडत जातं, त्यातून पाणी मुरतं, मुळांना हवा लागते. पगार नाही, सुट्टी नाही, मुकादम नाही. असा कामगार मिळणार नाही कुठं. हे शेवटचं बोलताना बाई माझ्याकडं बघतात.

२३ सप्टेंबर

बाईंकडं डबाभर गांडुळं मागितली.

"कशाला?"

घरचं सांगायचं म्हटलं आणि जीभच उचलेना. बाबा, मशीन, ताईचं सासर — कुठून सुरू करणार! म्हणालो, "मासे धरायला. गळाला."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू आणि मासे? मासे धरायला एका जागी बसावं लागतं रे."

पण दिली.

२६ सप्टेंबर

डबा तयार. खाली ओला पुठ्ठा, मग शेण, मग मंडळी, वर ओलं गोणपाट. झाकणाला भोकं.

नेणार हॉर्न. हॉर्न म्हणजे माझ्या खोलीतला ड्रायव्हर. झोपेतसुद्धा तोंडानं हॉर्न वाजवतो, म्हणून ते नाव. रोपं घेऊन तो आमच्या घरावरूनच जातो. दोन दिवसांचा रस्ता. ताई हमरस्त्यावरच्या पंपापाशी येऊन डबा घेणार.

हॉर्न डब्यापासून हातभर लांब उभा. "बाहेर नाही ना येणार?"

"तू गाणं म्हटलंस तर येतील. सगळी एकदम."

वाटेत गोणपाटावर पाणी मार म्हणून सांगितलं. "माझ्या पोरांना पण मी एवढं जपत नाही," म्हणाला. पण बाटली भरून घेतली. माणूस चांगला आहे. आवाज मोठा आहे, एवढंच.

२९ सप्टेंबर

पोचली! ताईनं झाकण उघडलं आणि केवढी किंचाळली! मला फोनवर ऐकू आलं, शेजारच्यांनाही आलं असणार.

"शी! शी! अरे ही एकमेकांत गुंतलीयत!"

"नातेवाईक आहेत ती. हात घाल."

"तू घाल हात, मेल्या. मी तुझ्या तोंडाकडं बघून घेतेय हां."

घातला हात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळी त्या पिवळ्या मातीत सोडली, वरून पाणी शिंपडलं. म्हणाली, सोडताना त्यांना "बायांनो, नीट राहा" असं म्हणाले. माझी ताई!

बाबा खिडकीतून बघत होते म्हणे. काय म्हणाले, विचारलं. "म्हणाले, चहा झाला का."

१ ऑक्टोबर

सगळी गेली.

सकाळी ताई बघायला गेली तर निम्मी वरच वाळून दोऱ्या झालेली. उरलेल्यांवर साळुंक्यांची पंगत बसलेली. मातीत एकही नाही. ताईनं बोटानं उकरून बघितलं.

ती ओरडली नाही. "असू दे रे. तू पाठवलीस ना," एवढंच म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर

फळ्यावर तापमान लिहिलं नाही. बाईंनी स्वतः लिहिलं. 

४ ऑक्टोबर

"किती मासे लागले, भिंगरी?"

बाईंनी एवढंच विचारलं. आणि मी सगळं ओकलो. मशीन, वीटभट्टी, ताई, ट्रकवाला, वाळलेल्या दोऱ्या. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग म्हणाल्या, "गाढवा!"

मग म्हणाल्या, "गांडूळ म्हणजे सगळं सारखंच वाटलं तुला? ही बेडमधली शेणाकचऱ्यातली आहेत. हॉटेलात राहणारी. यांना तयार ताट लागतं. उघड्या मातीत यांचं काम नाही. तू त्यांना फरशीवर बसवलंस आणि म्हणालास, जेवा!"

"मला काय माहीत—"

"मला माहीत होतं की! मला विचारलं असतंस तर? मासे म्हणे!"

मग माझा कान धरला — खरोखर धरला — आणि काचघराच्या मागं घेऊन गेल्या. तिथं एक लांबट पट्टी आहे. मी कधी तिकडं फिरकलो नव्हतो, कारण तिथं काही कामच नसतं. सगळी पेंढ्यानं झाकलेली. बाई खाली बसल्या आणि पेंढा बाजूला केला.

खाली माती काळी, चहाच्या पुडीसारखी भुसभुशीत. बारीक बारीक भोकं. भोकांच्या तोंडाशी मातीच्या गोळ्यांचे इवले ढीग, कोणी पिळून ठेवल्यासारखे. तांब्याभर पाणी ओतलं. नाहीसं झालं! पिऊनच टाकलं जमिनीनं.

मग बाईंनी मोहरीची पूड पाण्यात कालवली आणि ते पाणी हातभर जागेत ओतलं. "आता तोंड बंद ठेवून बघ."

काही नाही. काही नाही. मग एका भोकातून टोक आलं. मग मागून बाकीचा ऐवज! केवढं लांब! करंगळीएवढं जाड, राखाडी. झोपमोड केलेल्या म्हाताऱ्यासारखं रागीट. मग दुसरं. मग इकडून, मग तिकडून.

"मोहरी झोंबते त्यांना, म्हणून वर येतात. लगेच धुवून सोडायचं." बाईंनी एकेक उचललं, स्वच्छ पाण्यात बुचकळलं आणि परत सोडलं. आमच्या बाई शेंगा सोलताना पण एवढ्या नाजूक नसतात.

"ही कुठून आणलीत?"

"आणली नाहीत. आली. जमीन घेतली तेव्हा इथं रस्ता परवडला अशी माती होती. नांगरणं बंद केलं. अंगावर पांघरूण घातलं, खायला टाकलं, ओल ठेवली. कडेच्या बांधावरून आली हळूहळू. बोलावून कोणी येत नाही, भिंगरी. राहण्यासारखं असलं की येतात."

रात्री जेवताना हे शेवटचं वाक्य घासाबरोबर आत-बाहेर करत राहिलं.

५ ऑक्टोबर

ताईला सगळं सांगितलं. खणायचं नाही. कुदळ लावायची नाही. शेणखत पसर, वर पालापाचोळा, पेंढा, मिळेल ते. पाणी रोज थोडं थोडं.

"आणि मग?"

"मग काही नाही. थांबायचं."

"म्हणजे काहीच न करायचं काम! तुला बरं सापडलं रे असलं काम."

"अगं, मला तेच जड जातं."

"ते पण खरंय."

१७ ऑक्टोबर

ताईनं अख्खी जमीन झाकून काढली. पेंढा पुरला नाही तर जुन्या चादरी, फाटक्या पिशव्या, बाबांचा एक सदरा. समोरची काकू विचारत होती, "जमिनीला थंडी वाजते का गं?" ताई म्हणाली, "ताप आलाय. भेटायला येताना हळू बोला."

ताई परत ताई झाली.

३१ ऑक्टोबर

आज कोष दाखवला बाईंनी. गांडुळाचं अंडं म्हणायचं. लिंबाच्या आकाराचं, पण मोहरीपेक्षा जरासं मोठं, पिवळसर. उजेडाला धरलं तर आत काहीतरी हलत होतं. दोऱ्याहून बारीक. लाल.

मी कितीतरी वेळ तळहातावर धरून उभा. बाई म्हणाल्या, "उबवतोस की काय?"

आपल्या हातावर कोणीतरी आत वळवळतंय आणि त्याला आपण माहीत पण नाही!

९ नोव्हेंबर

ताईनं पांघरूण उचलून बघितलं. मुंग्या. एक नाकतोडा. माती ओली झालीय, बोट थोडं जातं आत. पण भोक नाही, गोळ्या नाहीत. गांडूळ एक नाही.

बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, "शेजारी जिवंत माती कुठं आहे? बांध? गवत?"

एका बाजूला रस्ता. दोन बाजूंना कंपाउंडची भिंत. एका बाजूला घर.

"मग येणार कुठून? उडत? अशी वाट बघत बसलास तर तुझी पोरं म्हातारी होतील." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक करता येतं. जिवंत जागेतून मातीचा ठोकळा कापायचा. गवतासकट, वीतभर खोल. आत गांडुळं, त्यांची पोरं, त्यांचे कोष, घरं — सगळं बिऱ्हाड असतं. पाहिजे त्या जागी खड्डा करून अख्खं बसवायचं. फोडायचं नाही. वर सावली, ओल. मग ती आपली आपण पसरतात. पण ठोकळा त्याच भागातला हवा. तिथल्याच मातीत वाढलेला. इथला पाठवशील परत डब्यातून!"

तिथली जिवंत माती.

एकच जागा आहे. आईचा धुण्याचा दगड.

१० नोव्हेंबर

"तू विचार बाबांना."

"मी नाही विचारणार. तू विचार," ताई म्हणाली.

"माझ्याशी बोलतात का ते?"

"माझ्याशी तरी कुठं बोलतात? चहा, मीठ, दार लाव. एवढ्यात कसं बसवू, बाबा, आईचा कोपरा खणू का?"

खरं होतं.  फोनचे पैसे 'तू विचार, तू विचार' यातच गेले.

२१ नोव्हेंबर

हॉर्न म्हणाला, बंदरावर माणसं हवीत. तो निघाला पुढच्या महिन्यात. "चल ना. इथं काय, शेणात हात! तिथं रोज नवीन जहाज."

 जावंसं वाटलं! पिशवी पण खाली काढली. मग आठवलं, तिसऱ्या बेडचं गोणपाट सकाळी भिजवायचं आहे. ते कोण भिजवणार?

पिशवी वर ठेवली. हॉर्नला वाटलं मला ताप आलाय.

३ डिसेंबर

ताईनं पेंढ्यात जागा करून परत मुळा पेरला होता. दोन पानं आली आणि पिवळी पडली. "मुळाच तो, पण मूळ धरायला तयार नाही," म्हणाली आणि हसली. हसणं खोटं होतं. मला फोनवर कळतं.

ट्रकवाला आठवड्यातून एकदा चहाला येतोय.

८ डिसेंबर

आज ताई सहज बोलता बोलता बोलली. तिला त्यात काही वाटलंच नाही.

ती बाबांवर वैतागली होती. "स्वयंपाकघरात मोरी आहे, नळ आहे, सगळं आहे. तरी भांडी विसळलेलं पाणी हे बादलीत साठवणार. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा — सगळं त्याच बादलीत. आणि संध्याकाळी ती बादली उचलून अख्खं अंगण ओलांडून जाणार, त्या दगडापाशी ओतायला. गुडघे दुखतात, तरी. मी म्हटलं द्या इकडं, मी ओतते, तर ऐकतच नाहीत."

मी म्हणालो, "परत सांग."

"काय परत सांग?"

"कुठं ओततात?"

"अरे, आई ओतायची तिथंच की."

फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बेडच्या कडेवर बसलो. आई गेली तेव्हापासून रोज. मागचं दार उघडत नाहीत म्हणून मी एवढी वर्षं मनात धरून बसलोय. आणि बाबा पुढच्या दारानं, अंगण ओलांडून, घराला वळसा घालून, दुखऱ्या गुडघ्यांनी जातात. ओल ठेवतात. खायला टाकतात. खणू देत नाहीत.

म्हणजे बाबा गांडुळं पाळतात! बाईंपेक्षा चांगली! आणि बाबांना माहीतच नाही.

९ डिसेंबर

का बाबांना माहीत आहे सगळं?

१४ डिसेंबर

ताईला म्हणालो, फोन बाबांच्या शेजारी ठेव आणि मोठ्यानं लाव. ते जेवायला बसलेले.

मी "बाबा" म्हणालो.  मग बोलत सुटलो. गांडुळांचं सगळं सांगितलं. लाल वेगळी, राखाडी वेगळी. मी चुकीची पाठवली. मोहरीचं पाणी. भोकं. कोष उजेडाला धरला तर आत हलतं. वेड्यासारखा बोललो. मध्येच म्हणालो, "बाबा, तुम्ही त्या दगडापाशी पाणी ओतता ना, तिथं ती असणार. आईच्या वेळची. म्हणजे तीच नाही, त्यांची पोरं, नातवंडं. तुम्ही जगवलीत. त्यांचा एकेक ठोकळा कापून ताईच्या जमिनीत बसवला तर ती पसरतील. कोपरा मोडणार नाही, बाबा. कापलेली जागा परत भरते. आपल्या जमिनीला दुसरं कोणी चालणार नाही. आपलीच पाहिजेत."

चमचा ताटाला लागायचा आवाज थांबला होता.

मग खुर्ची सरकली.

ताईचा आवाज आला, हळू. "उठून गेले रे."

१५ डिसेंबर

मी कशाला आईचं नाव काढलं!

१९ डिसेंबर

ट्रकवाला फीत घेऊन आला. जमीन मोजून गेला. पेंढ्यावरून बूट घालून चालला म्हणे. ताई दारात उभी राहून बघत होती.

बाबांनी त्याला चहा दिला. ताईशी अजून एक शब्द नाही. माझ्या फोनचं तर नावच नाही.

"मी कुठंतरी काम बघते," ताई म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हां, छोट्या. जमीन तर जमीन. मला हात घालायला शिकवलंस ना त्या घाणीत! पुरे."

२२ डिसेंबर

हॉर्न गेला. खोलीत फार शांत. जाताना माझ्या उशीखाली ती पाण्याची बाटली ठेवून गेला, गांडुळांवर मारायची.

२४ डिसेंबर

बाईंना विचारलं, माणूस ऐकून उठून गेला तर त्याचा अर्थ काय?

बाई म्हणाल्या, "वर दिसत नाही याचा अर्थ खाली नाही असा होतो का? शिकवलं काय तुला एवढे दिवस?"

मग शेंगांची अख्खी पिशवी माझ्यापुढं सरकवली. बाईंनी शेंगा देणं म्हणजे फार झालं.

२८ डिसेंबर

सकाळी तिसऱ्या बेडवर पाणी मारत होतो. घरून फोन. ताई असणार म्हणून ओल्या हातानंच उचलला. "बोल गं."

ताई नव्हती.

"तो ठोकळा किती खोल कापायचा म्हणालास?"

मी पाणी बंद केलं. म्हणालो, वीतभर.

  मागं ताई म्हणत होती, अहो बाबा, सावकाश, गुडघा सांभाळा.

मग म्हणाले, "तुझी वीत का माझी?"

"तुमची," म्हणालो. "तुमची, बाबा."